पॅडवरचं तिसरं भोक

नंदूदादाचं नाव निघालं की मी उठून आत जाते. घरच्यांना सवय झाली आहे त्याची. हळवी आहे, म्हणतात. लहानपणापासूनचा जीव तिचा त्याच्यावर. जीव आहे, ते खरं. पण उठून जाण्याचं कारण ते नाही. जे कारण आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आईजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

इंग्रजीत लिहायला घेतलं होतं आधी. शाळा सगळी त्याच भाषेत झाली माझी. पण त्यात ते फारच नीट उतरायला लागलं — दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल लिहितेय असं. मग फाडून टाकलं.

आम्ही रत्नागिरीत राहायचो. काका गावाला, एसटीने तास-दीड तास आत. नंदूदादा काकाचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. मी अबोल. चारचौघांत कुणी काही विचारलं की माझी मान खाली जायची, कानशिलं तापायची. नंदूदादाला ते माहीत होतं. पाहुण्यांनी मला काही विचारलं तर तोच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. "तिला काय विचारता? ती इंग्रजीत लाजते," म्हणायचा. सगळे हसायचे आणि मी सुटायचे.

तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे सड्यावर धावायचा — गावाच्या डोक्यावरचं ते कातळाचं पठार, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवताने झाकलेलं. गावात त्याच्याइतकं कुणी धावत नसे. काकी त्याच्या पायांना तेल लावायची, या वयातही. "पायावर भरती हाय तुझी, पाय सांभाळ," हे तिचं दिवसातून कितीदा तरी.

आणि तरी तो पारधीला जायचा. भात तयार व्हायला लागलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत शेत लोळवून टाकतात. मग गावात ज्याच्याकडे राखणीच्या परवान्याची बंदूक आहे तो डुकरांच्या वाटेवर बसतो आणि बाकीचे हाकारे घालत रानात शिरतात. नंदूदादा हाकाऱ्यांत. हाकाऱ्याला वाट निवडता येत नाही — समोर करवंदीची जाळी आली तर जाळीतून जायचं. आणि गवतात फुरसं. वीतभर लांब, दगडाच्या रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही.

म्हणून पायांना काहीतरी हवंच. आमच्या गावात गोणपाट गुंडाळत, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. कुणी कुणी बाजारातलं आणत. क्रिकेटमुळे सगळे त्याला पॅडच म्हणायचे. आणि विकत घ्यायचं असो की घरी शिवायचं, एक रीत होती. करवंदीचा वाळका काटा घ्यायचा आणि अंगठ्याने दाबून टोचायचा. काटा आत गेला नाही, तर फुरशाचा दातही जाणार नाही. गेला, तर ते पायात घालायचं नाही. बस, एवढंच.

आणखी एक होतं. ज्याला टोचायला सांगितलं त्याने 'बघितलं' म्हटलं की दुसऱ्याने पुन्हा टोचायचं नाही. तो त्या माणसाचा अपमान. मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. लहानपणापासून पडवीत बसून मी हेच तर बघत आले होते.

२००१ सालचा पाऊस संपता संपता नंदूदादा आमच्याकडे आला. गोणपाट धावताना सैल होतं, भिजलं की जड होतं, त्याला विकतचे पॅड हवे होते. दुकान नेमकं त्या दिवशी बंद. पैसे माझ्याजवळ दिले आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला एक काटा.

"दसऱ्याला येशील ना, तेव्हा घेऊन ये. टोचून बघ हां, बाय. आत गेला तर घेव नको, कितीही चांगलं दिसू दे."

बाय म्हणायचा मला. अजूनही म्हणतो.

दुकान जेटीच्या रस्त्यावर होतं. जाळी, दोरखंड, ताडपत्र्या, गमबूट — आणि सगळी पुरुष गिऱ्हाइकं. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मला काय हवंय ते त्यांनी मला दोनदा विचारलं, इतका माझा आवाज बारीक. मग दोन जोड समोर ठेवले. एक जाड कॅनव्हासचा, दुहेरी, हिरवट, ताडपत्रीसारखा वास येणारा. दुसरा काळा. चकचकीत, हलका, चिकटपट्टीने बंद होणारा, वर इंग्रजीत नाव.

"रानात जायचं म्हणतंस तर हे जाड ने," चाचा म्हणाले. "गबाळं हाय दिसायला, पण टिकेल."

माझ्या मुठीत काटा होता. काढायचा आणि दाबायचा — एवढंच तर होतं! पण लोकांच्या दुकानात, लोकांच्या मालाला भोक पाडू का असं विचारायचं? कोणत्या शब्दांत? मी शब्द जुळवत उभी होते, तेवढ्यात दोरखंड मोजून घेणारा एक जण म्हणाला, "चाचा, आता पोरींना पाठवतंस काय डुक्कर मारायला?" दुकानातले सगळे हसले. चाचाही हसले. वाईट नव्हतं ते हसणं. आज आठवलं तर मलाही हसू येईल असंच होतं.

मी काळ्या जोडाकडे बोट दाखवलं आणि बाहेर आले.

फक्त लाजेने? नाही. खरं सांगायला बसलेय तर तेही सांगते. काळा जोड मला आवडला होता. तो गोणपाटाचा अवतार मला कमीपणाचा वाटायचा. नंदूदादाच्या पायात काहीतरी शहरातलं दिसावं, ते मी आणलेलं असावं, असं मला वाटत होतं.

स्टँडवर गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले. आसपास कुणी नव्हतं, आणि कुणी नसलं की मला सगळं जमतं. पिशवीतून एक पॅड काढलं. खालच्या कडेजवळ काटा ठेवला आणि अंगठ्याने दाबला.

पिकल्या पेरूत जावा तसा गेला.

पलीकडून टोक माझ्या बोटाला लागलं. मी काटा काढला आणि ते भोक बघत बसले. गाडी सुटायला वेळ होता. कंडक्टर कँटीनच्या दारात चहा पीत होता. रिक्षा समोरच उभ्या होत्या. जाऊन बदलून आणता आलं असतं — चाचांनी बदलूनही दिलं असतं, मला खात्री आहे. पण पुन्हा त्या दुकानात शिरायचं, पुन्हा त्या सगळ्यांसमोर तोंड उघडायचं. आता तर भोकही पाडलेलं!

मी नखाने घासून घासून ते भोक मिटवलं. वरून दिसेनासं झालं. काटा खिडकीतून टाकून दिला.

म्हणजे मला ठाऊक होतं. इथवर यायला एवढी पानं घालवली, ती या एका वाक्यासाठी. कुणी विचारलं असतं तर 'बघायचं राहून गेलं' म्हणाले असते मी — मनातल्या मनात तसं म्हणूनही पाहिलं आहे पुष्कळदा. पण राहून गेलं नव्हतं. मी बघितलं होतं.

नंदूदादा फाट्यावर घ्यायला आला होता. घरात शिरेपर्यंत दम निघाला नाही त्याला. अंगणातच पॅड चढवले, इकडून तिकडे धावून दाखवलं. काकी दारात उभी राहून बघत होती. शेजारचे कुणीतरी म्हणाले, "नंदू, आता डुकरं सलाम ठोकतील रे तुला." तो नुसता फुलला होता. मग थांबून माझ्याकडे वळला.

"टोचून बघितलंस ना, बाय?"

"हो."

"नाय ना गेला?"

"नाही."

त्याने पुन्हा टोचून बघितलं नाही. जुनी गोणपाटं त्याने कुत्र्याच्या अंगाखाली टाकली.

दसरा झाल्यावर पारध निघाली. मी पडवीत काकीबरोबर शेंगा सोलत होते. हाकारे ऐकू येत होते, मग एकदम थांबले. बंदुकीचा आवाज झालाच नाही. काकीचे हात थांबले. माझे थांबले नाहीत. मी शेंगा सोलत राहिले.

खांद्यावरून आणला त्याला. फुरसं पोटरीला चावलं होतं. काकाने गुडघ्याखाली दोरी बांधली होती, करकचून — तेवढंच माहीत होतं त्याला. कुणाची तरी जीप मिळाली. रत्नागिरीत पोचेपर्यंत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

तो वाचला. पाय मात्र तसा राहिला नाही. पोटरीचं मांस काळं पडलं, काढावं लागलं. पाऊल उचलायची ताकद गेली. डॉक्टर म्हणाले, विषाने झालंच, पण दोरी इतका वेळ आवळलेली राहिल्यानेही पुष्कळ नुकसान झालं. काका भिंतीला टेकून ते ऐकत होता. आणि मला — हेही सांगायलाच हवं — मला ते ऐकून बरं वाटलं. कुणीतरी दुसरं सापडलं होतं.

मी रोज दवाखान्यात डबा न्यायचे. किती करते पोर, असं सगळे म्हणायचे.

एका दुपारी तो उशीला टेकून बसला होता. काकीच्या पिशवीतून त्याने ते पॅड काढलं, आतली बाजू बाहेर केली आणि खिडकीकडे धरलं. उजेड तीन जागी आला. दोन ठिपके जवळजवळ — आणि एक लांब, खाली, कडेजवळ.

त्या तिसऱ्यावर त्याने बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी डब्याचं झाकण लावत होते. लागलेलं झाकण पुन्हा काढून पुन्हा लावत होते.

तेवढ्यात काका आत आला. नंदूदादाने पॅडची घडी केली आणि पांघरुणाखाली सारली. "आबा," तो म्हणाला, "माझंच चुकलं. पॅड सैल बांधलेलं, खाली घसरलं. उघड्यावर चावलं." काका त्याच्यावर ओरडला — आणि मग तिथेच खाली बसून रडायला लागला, की मी दोरी बांधली, मीच पोराचा पाय घालवला.

ते पॅड पुन्हा कधी कुणाला दिसलं नाही.

आमच्याकडे शिकारीचे वाटे पडतात. ज्याची गोळी लागली त्याला जास्त, पण गावातल्या प्रत्येक घराला मिळतो. जो म्हातारा घरात पडून आहे त्यालाही, कुत्र्यांनाही. या गोष्टीचेही तसेच वाटे पडले. नंदूदादाने घेतला. काकाने घेतला, सगळ्यात मोठा. काकी म्हणायची, मी त्याला जाऊच द्यायला नको होतं. ज्यांची बंदूक होती ते म्हणायचे, त्या दिवशी पारधच काढायला नको होती. सगळ्यांनी आपापला वाटा मुकाट्याने घरी नेला. एकट्या माझ्याकडे वाटा आला नाही, आणि मी मागितला नाही.

काका चार वर्षांनी गेला. आजारपणात मी दोनदा भेटून आले. तो माझा हात धरून दोरीबद्दलच बोलत होता — किती घट्ट, किती वेळ, मध्ये सैल केली असती तर. एका वाक्याने त्याची सुटका झाली असती. काकी दूध घेऊन आली. मी म्हटलं, "काका, दूध घ्या."

मी आता पुण्यात नोकरी करते. माणसांशी बोलावं लागतं दिवसभर, आणि बोलते. लाजाळूपणा जातो हळूहळू. तो गेल्यावर काय उरलं ते मी बघते आहे.

गेल्या दसऱ्याला गावी गेले होते. पारधीच्या आदल्या संध्याकाळी नंदूदादाच्या अंगणात हाकारे जमतात आता. तो स्वतः जात नाही, जाऊ शकत नाही. पण प्रत्येकाचे पॅड त्याच्या हातून गेल्याशिवाय कुणी रानात शिरत नाही. पाटावर बसतो, तो पाय पुढे लांब करून, शेजारी काट्यांची वाटी. एकेक पॅड मांडीवर घेतो, वरपासून खालपर्यंत टोचतो. एकाने नवा जोड आणला होता. तो म्हणाला, "नंदूदादा, ह्याला नको, दुकानवाल्याने बघून दिलंय." नंदूदादा हसला. "सांगणाऱ्याचा पाय आत नसतो रे," म्हणाला, आणि काटा दाबला.

मग मान वर केली, तेव्हा मी दारात उभी दिसले त्याला.

त्याचा हात थांबला. चेहरा असा झाला, जणू चूक त्याच्याकडूनच झाली होती. वाटी त्याने उगाच इकडची तिकडे केली.

"बाय," तो म्हणाला, "चहा घेतलास ना?"

"हो," मी म्हटलं.

घेतला नव्हता.