सायकालच्या चौकशा

किरगीझस्तानातल्या बिश्केक शहराच्या टोकाला असलेल्या नव्या वस्तीत सायकालला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, कारण प्रत्येकाला तिने एकदा तरी काहीतरी विचारलेलं असतं. शिवणकामाच्या कारखान्यात ती बाह्या जोडते. मशीन चालू, तोंड त्याहून चालू. दाढ काढली तेव्हा दुखलं का, सून धड बोलते ना, पाणी किती वाजता जातं? उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही!

त्या वसंतात मात्र तिच्या सगळ्या चौकशा एकाच गोष्टीभोवती फिरू लागल्या. लेक बेगिमाय सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. वस्तीतली शाळा तीन पाळ्यांत भरायची. शेवटच्या पाळीची पोरं हिवाळ्यात काळोखात घरी यायची. सायकाल स्वतः अशाच शाळेतून अर्धवट सुटलेली. "माझ्यासारखं बाह्या जोडत बसायचं नाही तिने," एवढं तिचं पक्कं होतं. शहरात एक चांगली शाळा होती, पण ती आजूबाजूच्या इमारतींतलीच मुलं घ्यायची. म्हणजे आधी घर बदला. आणि घर बदललं, की चालत दहा मिनिटांवरचा कारखाना दोन मिनीबस पलीकडे जाणार.

नवरा झिरगल दूरच्या ओश शहराच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. फोनवर म्हणाला, "तू ठरव. तू ठरवलेलं मोडायची माझी हिंमत आहे का?"

मग काय विचारता! आठवड्यातून दोनदा कारखान्यातून लवकर सुटून बाई त्या शाळेजवळच्या इमारतींच्या अंगणात, बाकावर जाऊन बसू लागली. सुटलेल्या पोरांना अडवायची. "बाई ओरडतात की मारतात?" "ओरडतात." "संडासाला कडी आहे का?" "कडी आहे, दार नाही," एक पोरगी म्हणाली आणि हसत पळाली. हे सायकालने गंभीरपणे लक्षात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. तिची किल्ली मागून घेऊन तिने भिंती मोजल्या. एकदा तर खिडकी इतकी मळलेली दिसली, की तिला राहवेना. पदर खोचून पुसूनच काढली म्हणायची. पदर नव्हता, एवढंच!

खाली अंगणातल्या बाकावर बसलेल्या शेजारच्या बायकांनी वर पाहिलं. खिडकी पुसतेय म्हणजे राहायला आली.

आता किरगीझ माणसांत नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यांनी त्यांना जेवू घालायचं असतं. त्याला एरूलूक म्हणतात, आणि ते चुकवणं म्हणजे अंगणाची अब्रू जाणं. त्या अंगणातल्या थोरल्या, पूर्वी ट्रॉलीबस चालवणाऱ्या आणि आता निवृत्त झालेल्या ऊलकान अपांनी सायकालला बजावलं, "रविवारी लेकीला घेऊन ये. काही आणू नकोस."

सायकालला वाटलं, चहाला बोलावलंय. जाऊन बघते तर आठ बायका, तळलेल्या, फुगलेल्या बोरसोकांचा ढीग, वाफाळतं मटण. अपांनी पहिला तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. "नव्या शेजारणीने आधी खायचं."

सायकालचा चेहरा पडला. "अपा, मी अजून राहायला आले नाहीये हो. नुसती चौकशी करतेय."

मग एकीने विचारलं, "मग खिडकी कशाला पुसलीस गं?"

"मळली होती."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अपा म्हणाल्या, "परक्याची खिडकी पुसणारी शेजारीण सोडायला आम्ही काय खुळ्या आहोत? खा मुकाट्याने. कारखान्याला किती वाजता निघावं लागेल?"

"सव्वासहाला."

"आणि शाळा आठला. पोरीला उठवणार कोण? वेण्या कोण घालणार?"

सायकालचं महिनाभर साऱ्या जगाला विचारून झालं, पण हे स्वतःला विचारायचं राहिलंच होतं. झिरगल घाटात, आपण बसमध्ये. मटणाचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

"मला विचार की," अपा म्हणाल्या. "अख्ख्या अंगणाला विचारलंस, मलाच नाही. मी उठवीन."

सायकालने तो तुकडा खाल्ला. ऑगस्टात ते राहायला आले.

सप्टेंबर सरत आला होता. एका शनिवारी सायकाल संध्याकाळी साडेसातला घरी पोचली, तर बेगिमाय टेबलाशी अक्षरं गिरवत बसलेली. वहीत बाईंचा लाल शेरा होता, "छान". दोन घट्ट वेण्या, सरळ भांग, पांढऱ्या फिती सकाळपासून जराही सैल झाल्या नव्हत्या.

"उद्या सुट्टी आहे. उद्या मी घालते हं वेण्या," सायकाल म्हणाली.

बेगिमायने मान वर केली नाही. "नको आई. मी अपांकडे जाते. तू ओढतेस."

पोरगी शिकत होती, खूश होती. हेच तर हवं होतं! पण कुणाच्या तरी हातून आपली लेक मोठी होतेय, ही आग कुठे घेऊन जायची?

"बरं, जा," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि पोरीला ऐकू जाणार नाही इतपत रडून घेतलं.