हर्नडनची आत्या आणि हवाईचा पक्षी

माझ्या बायकोच्या आत्याइतकं छळणारं माणूस अख्ख्या व्हर्जिनियात शोधून सापडणार नाही, आणि हा छळ सोसायला लोक आपण होऊन तिच्याकडे जातात. हर्नडनला तिच्या दारात नुसत्या चपला काढून भागत नाही. आधी ब्रशने त्यांचे तळ घासायचे, मग त्यावर स्पिरिट मारायचं. का, तर तिकडे हवाई बेटांवर ओहिया नावाची झाडं एका बुरशीने मरतायत, बुरशी बुटांच्या मातीतून पसरते, आणि त्या झाडांच्या फुलांतल्या मधावर तिचा एक लाल पक्षी जगतो. हर्नडनला ओहिया औषधालाही नाही. मी एकदा तसं म्हटलं. "जावईबापू, सवय असावी," म्हणाली, आणि माझ्या लग्नातल्या कोल्हापुरीवर स्पिरिट मारून मोकळी झाली.

रिटायर झाल्यापासून दरवर्षी ती तिकडे जाऊन जंगलात रोपं लावते. डास चावला की त्या पक्ष्याला मलेरिया होतो आणि मरतो बिचारा. त्यावर उपाय म्हणून तिथले लोक आणखी डासच सोडतात, पण असे नर, की ज्यांच्यामुळे माद्यांची अंडी फुकट जातात. तेव्हापासून आत्यादेखत डास मारायची सोय उरली नाही. बार्बेक्यूला मी दंडावर चापटी मारली, तर विचारते, "नर होता की मादी?" हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण तिला खरी धास्ती एकच, आधी पक्षी संपतो की आधी आपले कान जातात. दोन्ही दरवर्षी थोडे थोडे कमी होतायत.

यंदा तिने आम्हा दोघांना बरोबर नेलं. नेमकी संकष्टी होती. ओहियाची लालभडक फुलं दिसली आणि बायकोचा हात गणपतीसाठी आपोआप वर गेला.

"खबरदार," आत्या म्हणाली. "फांदी दुखावली की तिथूनच बुरशी शिरते. मनातल्या मनात वाहा. गणपती समजूतदार आहे."

सकाळभर धुक्यात बसलो. पक्ष्याचा पत्ता नाही. मग वर कुठेतरी आवाज आला. गाणं कसलं डोंबलाचं, गंजलेली बिजागरी नुसती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आत्या कानातलं मशीन चाचपत धुक्याकडेच बघत होती.

"बोलला का रे?"

"बोलला, आत्या."

"मला नाही आलं ऐकू." म्हणाली, "कसा बोलला, करून दाखव."

मी, चांगला शहाणासुरता सीनियर मॅनेजर, भर जंगलात तोंडाने बिजागरी वाजवली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"जरा वरच्या पट्टीत," ती म्हणाली.

मी बिजागरी पुन्हा वाजवली, वरच्या पट्टीत.