जीव घाबरतो तो कुठे?

इंग्रजांचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी नागपूरकडच्या गोरेगावात डॉक्टर होतो आणि हृदयतज्ज्ञांच्या मंडळाचा सभासद व्हायची मला फार हौस होती. नागपूरहून मंडळाचे चिटणीस दवाखाना बघायला आले. त्यांची अट एकच: फक्त हृदयाचे रोगी घ्यायचे, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवायचं.

तेवढ्यात एक म्हातारी दारात आली. "डाक्टर, जीव घाबरून राहिला जी."

आमच्याकडे हृदयाच्या दुखण्यानेही जीवच घाबरतो, तापानेही आणि उपासानेही.

"ही तुमच्या अटीत बसते का?" मी चिटणिसांना विचारलं.

"तपासल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग दारातून परत कशी पाठवणार?" मी तडकलो.

सभासदत्व गेलं खड्ड्यात. म्हातारीला आत घेतलं आणि चिटणिसांना म्हटलं, "खुर्ची सोडा. तिला बसायचंय."