सभासद क्रमांक एकशे चौदा यांचे बदलीपत्र

ख्रिस्ती मंडळीच्या सभासद-नोंदवहीत प्रत्येक माणसाला एक ओळ मिळते. ओळीच्या उजव्या टोकाला 'सभासदत्व संपल्याचे कारण' असा रकाना आहे आणि त्यात गेल्या सत्तर वर्षांत तीनच कारणे आढळतात: मृत, बदली, कमी केले. मृतांपुढे तारीख आणि दफनाची जागा असते. बदलीवाल्यांपुढे दुसऱ्या मंडळीचा पूर्ण पत्ता असतो, कारण जाताना त्यांना एक पत्र दिले जाते: हा सभासद आमच्याकडे चांगल्या स्थितीत होता, आपण सांभाळून घ्यावे. 'कमी केले' यापुढे मात्र काही नसते, फक्त एक रेघ. असे एकूण अकरा जण आहेत. कोण कशामुळे, हे जुन्या इतिवृत्तांत शोधावे लागते. शोधल्यावर चार दारुडे सापडतात, पाच भांडखोर, मंडळीची बाजाची पेटी घेऊन पसार झालेला एक इसम आणि एक ट्रकचालक.

ट्रकचालक म्हणजे चिटणीसबाईंचे वडील. लांबच्या फेऱ्यांमुळे ते सलग चौदा महिने उपासनेला आले नाहीत आणि परतले तेव्हा आपण कमी झाल्याचे त्यांना दारातच कळले. पुढची एकोणीस वर्षे ते दर रविवारी शेवटच्या बाकावर बसले आणि नोंदवहीच्या हिशेबी पाहुणेच राहिले. बाईंनी सव्विसाव्या वर्षी चिटणीसपद घेतले, तेही केवळ अक्षर चांगले म्हणून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती ओळ शोधून काढली आणि वडिलांना विचारले, "बाबा, पुन्हा घ्या म्हणून अर्ज लिहून देऊ का?"

"मी गेलोच नव्हतो," वडील म्हणाले, "तर परत कसला येऊ?"

वर्षभरात ते वारले. त्यांच्या मृत्यूची तारीख लिहायला नोंदवहीत जागा नव्हती. ओळ आधीच संपली होती.

यानंतरची तेवीस वर्षे बाईंनी मंडळीतला प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यू आणि कमिटीच्या सभेतली प्रत्येक जांभई टिपून ठेवली. जांभई हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. 'गायनप्रमुखांनी जांभई दिली व विषय पुढे ढकलण्यात आला' अशी नोंद खरोखर आहे. दिवसा त्या पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसत. खिडकीला बारीक जाळी, जाळीला तोंडाच्या उंचीवर एक भोक, भोकापलीकडे कोरड्या नळांचे मालक. "तक्रार नोंदवली आहे" हे वाक्य त्या दिवसातून साठेक वेळा, एकाच सुरात म्हणत.

पन्नाशीला आलेल्या अशा बाईने प्रॉटेस्टंट मंडळी सोडून कॅथलिक व्हावे, याचे कारण काय? बाईंनी तीन जणांना तीन कारणे सांगितली आहेत, त्यामुळे एकही पूर्ण विश्वासार्ह नाही. निश्चित एवढेच सांगता येते: मंडळीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, कॅथलिक चर्च आहे. तिथल्या फादरांची गळक्या नळाची तक्रार चौथ्या वर्षात पडून होती. शिपाई रजेवर असल्याने तिचे उत्तर बाई स्वतः घेऊन गेल्या. फादर तेव्हा पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत बसले होते. जाळी पाहताच बाई सवयीने आतल्या बाजूला शिरू लागल्या, पण आतली खुर्ची फादरांनी अडवलेली होती. म्हणून त्या बाहेरच्या बाजूला टेकल्या.

"मी तुमच्यातली नाही. तक्रारीचं उत्तर आणलंय."

"वाचा," जाळीतून आवाज आला.

"आपली तक्रार नोंदवली आहे."

आत बराच वेळ हसणे चालले होते. मग फादरांनी विचारले, "आणि तुमची काय तक्रार?"

बाई चाळीस मिनिटे बोलल्या. त्या चाळीस मिनिटांची नोंद कुठेही नाही, आणि फादरांच्या पेशाचा तोच नियम असल्याने ती मिळणारही नाही. दीड वर्ष दर शनिवारी त्या शिकवणीला गेल्या. शेवटी फादरांनी सांगितले की बाप्तिस्म्याचा दाखला पुरेसा आहे, मंडळीचे बदलीपत्र लागत नाही, ते ठेवायला आपल्याकडे फाईलसुद्धा नाही.

"तुम्हाला लागत नसेल," बाई म्हणाल्या. "मला लागतं."

घरी त्या आईबरोबर दोन खोल्यांत राहत. तिथली हकिकत आईंच्याच तोंडची आहे आणि आईंना गोष्ट रंगवून सांगता येते, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी. रविवारी दुपारी आई मटार सोलत होत्या.

"आई, मी कॅथलिक होतेय."

"कधी?"

"दोन महिन्यांनी."

"त्यांचं प्रवचन किती वेळ असतं?"

"दहा मिनिटं. फार तर बारा."

मंडळीच्या पाळकसाहेबांचे प्रवचन पंचावन्न मिनिटांचे असे. "आणि हे तुला आत्ता कळलं?" आई म्हणाल्या. चार शेंगांनंतर त्यांनी पुन्हा विचारले, "मरियेपुढे हात जोडावे लागतील ना?"

"लागतील."

"जोड. बाईमाणूस आहे, पोराचं दुःख पाहिलेलं आहे. दादाला सांगितलंस?"

"विषयपत्रिकेत टाकलंय."

"सख्ख्या भावाला विषयपत्रिकेतून सांगतात?"

"तेवढीच त्याच्याकडे वेळेवर जाते."

"जाते गं. वाचतो का?"

दादा हे बाईंचे थोरले बंधू. विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार भरून देण्याचे त्यांचे दुकान होते आणि मंडळीच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते. विषयपत्रिका त्यांनी वाचलेली नव्हती. बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, मंडळीच्या मागच्या खोलीत, छताचा गळका पत्रा, शिट्टी मारणारा माईक, डुगडुगते बाक आणि फुलदाण्या हे चार विषय त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता मंजूर केले.

"विषय पाचवा," बाईंनी वाचले. "सभासद क्रमांक एकशे चौदा यांना बदलीपत्र देणे."

"मंजूर," दादा म्हणाले.

काम झाले होते. इतिवृत्तात शब्द उतरला होता, आता फक्त वही मिटायची होती. पण बाईंनी ती मिटली नाही.

"दादा, कोण ते तरी विचार."

"कोण आहे?"

"मी."

"तुझी बदली झाली? कुठे टाकलं खात्याने?"

"खात्याचं नाही. मी समोर जातेय."

"समोर कुठे?" दादांनी खिडकीतून पाहिले. समोर एकच इमारत होती. त्यांनी कप खाली ठेवला.

पहिले बोलले ते तरुण पाळकसाहेब. धर्मतत्त्वाचा प्रश्न त्यांना नंतर सुचला असावा, आधी ते म्हणाले, "बाई, मग इतिवृत्त कोण लिहिणार?" निवृत्त हेडमास्तरांनी मत मांडले की शनिवारी शनिवारी मेणबत्त्यांचा धूर नाकात गेल्याने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. गायनप्रमुख म्हणाले, "पुतळ्यांपुढेच गुडघे टेकायचे तर बाजारात कपड्यांच्या दुकानातही आहेत की पुतळे. शिवाय त्यांचे कपडे दर महिन्याला बदलतात."

"असं पत्र देणं म्हणजे ते पण आपल्यासारखेच आहेत हे लिहून देणं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माझी बहीण मेली असं समजा. कमी करा तिला."

बाई लिहीत होत्या. दादांचे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी पूर्णविराम दिला. निर्णय तोंडीच पुढच्या सभेवर गेला.

पंधरा दिवस दादा आईकडे जेवायला आले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आईच त्यांच्या दुकानात गेल्या, तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये स्टुलावर बसल्या आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "तिला कमी करणार असशील तर मलाही कर. एकदा पेन उघडलंच आहेस तर दोन्ही ओळी उरकून टाक."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"तुझ्या बापाच्या वेळी पडले नव्हते. ते चुकलं माझं."

गिऱ्हाइकांपैकी एकाने आपली मोटार उद्या नेतो म्हणून काढता पाय घेतला. दादा तार गुंडाळत राहिले. आईंच्या मते त्यांनी ती उलटी गुंडाळली. याला दुसरा पुरावा नाही.

कमिटीचा नियम असा की मागच्या सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेत वाचले जाते, ज्याला आपले बोलणे मागे घ्यायचे असेल तो ते खोडायला सांगतो आणि उरलेल्यावर सगळे सह्या करतात. एरवी हे दोन मिनिटांत उरकते, कारण कोणी ऐकत नाही. या वेळी सगळे ऐकत होते.

"गायनप्रमुख म्हणाले की, कपड्यांच्या दुकानातही पुतळे आहेत, शिवाय त्यांचे कपडे दर महिन्याला बदलतात."

"हे लिहिलंत तुम्ही?"

"बोललात ना?"

"बोललो हो, पण ते आपलं चहाबरोबरचं बोलणं. माझ्या मेहुणीचं कपड्यांचं दुकान आहे, बाई."

"खोडू?"

"खोडा."

"हेडमास्तर म्हणाले की, धुरामुळे बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असावा."

"मी 'असावा' म्हटलं होतं."

"'असावा'च लिहिलंय."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "हे वरच्या कार्यालयात जातं का?"

"दर मार्चमध्ये."

"मग खोडा."

पाळकसाहेबांनी आपले वाक्य राहू द्यायला सांगितले, कारण तो प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

"अध्यक्ष म्हणाले," बाईंनी त्याच सुरात पुढे वाचले, "माझी बहीण मेली असे समजा, कमी करा तिला." त्या थांबल्या. "इथे अडचण आहे दादा. मृत आणि कमी केले ही दोन वेगळी कारणं आहेत. रकान्यात एकच मावतं."

दादांनी सहीचे पेन खिशातून काढले.

"मृत लिहायचं तर तारीख लागेल. दफनाची जागाही." हा खिडकीतला आवाज होता, साठ वेळा वापरून गुळगुळीत झालेला. "कमी केले लिहिलं तर काहीच लागत नाही. बाबांच्या ओळीत नाहीये. मी मेले तरी तारीख लिहायला जागा राहणार नाही, हे फक्त तुला माहीत असू दे. कुठलं लिहू?"

छताचा पत्रा दुरुस्त झाला नव्हता आणि खालच्या बादलीत थेंब पडत होते. दादांनी पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले.

"खोड," ते म्हणाले.

"कुठलं?"

"दोन्ही. आणि ते पत्राचं बोललो होतो ते पण."

बाईंनी पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या आणि पाचव्या विषयात जे उरले ते वाचून दाखवले: "सभासद क्रमांक एकशे चौदा यांना बदलीपत्र देणे. अध्यक्ष: मंजूर. पाळकसाहेब: मग इतिवृत्त कोण लिहिणार? यावर चर्चा झाली नाही."

सगळ्यांनी सह्या केल्या.

हा बाईंचा डाव होता की सवय, हे ठरवणे सोपे नाही. शब्दन् शब्द टिपण्याची खोड चोवीस वर्षांची होती, म्हणजे सवय म्हणावी. मात्र एरवी दाटीवाटीने लिहिणाऱ्या या बाईंनी त्या एका पानावर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, खोडायला सोयीचे पडेल असे लिहिले आहे. पान उपलब्ध आहे. ज्याने त्याने पाहून घ्यावे.

पत्र बाईंनीच टाइप केले. 'चांगल्या स्थितीत' या शब्दांखाली दादांची सही आहे. फादरांनी ते दोनदा वाचले आणि दुसरी फाईल नसल्याने गळक्या नळाच्या फाईलमध्ये लावले.

नोंदवहीतली शेवटची नोंद मात्र बाईंच्या हातची नाही. ती दादांनी केली. तारेने टोचलेल्या बोटांचे जाड अक्षर, रकान्याबाहेर गेलेली वेलांटी आणि शाईचा एक डाग. कारण: बदली. पत्त्याच्या जागी इतरांपुढे मंडळीचे नाव, रस्ता, शहर, सगळे असते. इथे समोरच्या इमारतीचे नाव लिहायला त्यांचा हात धजावला नसावा. 'रस्त्यापलीकडे' एवढेच आहे.

पुढच्या रविवारी ते आईकडे जेवायला आले तेव्हा नोंदवही दाखवायला बरोबर आणली होती. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि ओळ तपासली.

"दादा, हा पत्ता झाला का?"

"पोचलीस ना?" दादांनी ताट पुढे ओढले. "मग झाला."