ड्रॉवरमधली पुडी

शिरवळच्या कारखान्यात मी प्लांट हेड आहे, आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीच्या पुड्यांचा अख्खा डबा असतो. रोजची एक माझी. कुणाच्या छातीत जळजळलं की माझं ठरलेलं, "काल खर्डा जास्त झाला असणार. घे, आणि लाग कामाला." आम्ही तिखट खाणारी माणसं. छातीत दुखलं की आधी जेवणाला शिव्या घालतो, हृदयाचं नाव काढत नाही.

त्या दिवशी एचआरनं आम्हा मॅनेजरांसाठी ताणमुक्तीचा वर्ग ठेवला होता. डोळे मिटून श्वास घ्यायचा. आम्ही कसले मिटतोय, एक डोळा मोबाइलवरच होता.

वर्ग सुटल्यावर प्रॉडक्शन मॅनेजर केबिनमध्ये आला. आटपाडीचा गडी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तीन आठवडे एकही सुट्टी नाही. छाती चोळत म्हणाला, "सायेब, लय जळजळतंय. डावा हात बी जड झालाय. डॉक्टरकडं जाऊन येऊ का?"

मी चिडलोच. "आज? गड्या, कंटेनर दारात उभा हाय." आणि पुडी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती माझ्यासमोरच पाण्यात ढवळून घेतली आणि लाइनवर गेला. दोन तासांनी तिथंच कोसळला. कंटेनर वेळेवर गेला, हे सांगायची आजही लाज वाटते.

तो वाचला, पण हृदय अर्धं निकामी झालं आणि नोकरी सुटली. त्याला भेटायचं मी आठ महिने ढकलत राहिलो. कारण काय, तर काम. शेवटी एका रविवारी आटपाडीला गेलो. चूक माझीच होती, एवढं एक वाक्य गाडीत घोकत गेलो.

तोंड उघडणार, तोच त्याची बायको चहा घेऊन आली. "आवं सायेब, लय उपकार तुमचे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी लगेच औषद दिलंसा म्हणून ह्ये वाचले. ह्येंनीच सांगितलं मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी घोकलेलं वाक्य गिळलं आणि चहा प्यालो.

निघताना तो धापा टाकत दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "सायेब, तुमी अजून त्याच पुड्या खाताय व्हय?"

खिशात दोन होत्या.

"न्हाई रं," मी म्हणालो.