आमच्या गावची चिंच

माझं गिफ्टचं दुकान फोनमध्ये आहे आणि माल घराच्या मागच्या खोलीत. दुकान म्हणजे मी, चिकटपट्टीची रिळं आणि कुरिअरवाल्याशी रोजची वादावादी. वर्षभर कप आणि फोटोफ्रेमा जातात, पण धंदा तरतो तो राखीच्या डब्यांवर. आणि गंमत बघा, मी एकुलती एक. साऱ्या महाराष्ट्राला राख्या पाठवते, मला स्वतःला बांधायला मात्र एक मनगट नाही.

माझ्या कल्पनेवरून डब्यांची डिझाईनं करतो उद्यमनगरातला एकजण. माझ्याहून थोडा लहान, नुकताच बाप झालेला. पातळ लाकडावर लेझरनं असं नाजूक कापतो की बघत राहावं. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. तुमचं डिझाईन तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवणार, दुसऱ्याचं तुम्हाला, आणि तेही कौतुकानं. मागच्या राखीला माझा डबा आठवडाभरात सांगलीच्या एका बाईच्या पेजवर झळकला. मी फोनवर तोंड सोडलं, तर म्हणतो कसा, "म्याडम, त्यास्नी लई आवडलं की वो."

यंदा माझ्या डोक्यात भांडणाचा डबा होता. झाकणावर बहीणभाऊ एकमेकांचे केस ओढतायत, आणि झाकण सरकवलं की आत दोघं एकच भाकरी मोडून खातायत. हाही सांगलीला पोचला तर दुकान बंद करते, असं मी रागाच्या भरात नवऱ्याला सांगून बसले होते. तो लगेच "बरं" म्हणाला. एवढ्या पटकन म्हणाला की मला जास्तच झोंबलं. तेव्हा हे डिझाईन वाचवायचं म्हणजे दुकान वाचवायचं, असा मामला होता.

स्कूटीवरून जाताना धमक्या जुळवत गेले. त्याच्या दुकानात पोचल्यावर कळलं, त्या कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत, कारण माझ्या आधीचं गिऱ्हाईक त्याला अशाच धमक्या देत होतं आणि हा त्याला हसून चहा पाजत होता. तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. राधानगरीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "हे तुमचं गाव?"

"व्हय की."

"अहो, माझं माहेर तिथलंच."

राधानगरी मी जन्मात एकदाच पाहिलीय, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही बस लागल्यामुळं डोळे मिटून बसले होते. माझं माहेर इथं शहरातच, मंगळवार पेठेत. पण गावची लेक ही गावातल्या सगळ्या पोरांची बहीण, ही आमच्याकडची रीत. बहिणीचं डिझाईन कोण कशाला सांगलीला देईल, असं मी मनाशी म्हटलं.

"मग इतकं दिवस बोलला न्हाईसा ते?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

झालं. म्याडमची तिथल्या तिथं अक्का झाली. त्यानं मागच्या दारातून आईला हाक मारली, कारण घर दुकानाच्या पाठीमागंच. म्हातारी पदराला हात पुसत आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. मला वाटलं होतं नुसतं कौतुक होईल.

"कुणाची गं तू?"

"वरच्या आळीतली," मी म्हटलं. वरची आळी कुठल्या गावात नसते?

"शाळंच्या मागचं घर?"

"तेच, मावशी."

"दारात मोठी चिंच हाय, ते?"

"हो, हो. त्या चिंचेवरून पडलेय मी लहानपणी. हा बघा." आणि मी कोपरावरचा व्रण दाखवला. तो स्कूटी शिकताना पडल्याचा आहे, पण व्रणाला काय, कुठंही लावावा.

म्हातारीनं व्रण नीट निरखून पाहिला. मग लेकाला म्हणाली, "ऐतवारी नातीचं बारसं हाय. तुला सख्खी भन न्हाय, आन वाटणी झाल्यापासनं चुलत भनी दारात येत न्हाईत. आत्या कुठनं आणू म्हणून माझा जीव टांगणीला लागला हुता. आता गावची लेक घावली. हिलाच बशीव."

मला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. तो तर एवढा हरखला की मी फोनमधलं डिझाईन देताच त्यानं ते आपल्या कॉम्प्युटरवर न ठेवता माझ्यादेखत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पेन ड्राइव्ह माझ्याच हातात दिला.

रविवारी गेले. झबलं-टोपडं घेतलं होतं आणि पाळण्याला लावायला लाकडी चिमण्या. दारातच होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सांगलीच्या बाई. नवीन काय काढलंय ते दाखवा म्हणत असणार, कारण हा म्हणाला, "हाय एक, पर ते दाखवत न्हाय. आमच्या अक्काचं हाय ते." एवढं बोलून त्यानं फोन खिशात टाकला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेला.

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. इतक्या सरळ माणसाला मी फसवलं, ह्याची लाज वाटली, आणि बारसं झालं की खरं सांगून टाकायचं ठरवलं.

म्हातारीनं ठरवलेलं नाव मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी पाळण्यात वाकले, पोरीच्या कानात "कुर्र" केलं, नाव सांगितलं. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे बसतात, हे माहीत होतं. बायका हसत हसत घालत होत्या, हलक्या हातानं. शेवटचा धपाटा मात्र असा बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागं म्हातारी उभी. ती माझ्या कानाशी वाकली.

"आमच्या गावात वरची आळी न्हाय, आन शाळंमागं चिंच बी न्हाय. वढा हाय."

माझं तोंड उतरलं. "मावशी, मी सांगणारच होते त्यांना."

"काय सांगतीस? गप बस. त्याला जन्मात पयल्यांदा भन मिळालीया." तिनं माझा पदर सारखा केला, पोरगी उचलून माझ्या मांडीवर दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "राखीला जेवायलाच ये, पुरण घालते. आन येताना चिंचंवरनं पडू नगंस."