कलावतीबाईंचा समाधानी गुडघा

कलावती शेटे यांनी आपला गुडघा आपल्याच हाताने घालवला, असे सोसायटीत बोलले जाई. बोलणाऱ्यांना त्याची कारणेही ठाऊक होती. नवा गुडघा बसवून सहा महिने झाले नाहीत तोच बाई पुन्हा पोळीभाजी केंद्राच्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या, हे एक. गावी पुतणीच्या लग्नात पंगतीला मांडी घालून बसल्या, हे दुसरे. ते कुणी पाहिले नव्हते, पण ऐकले सगळ्यांनी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरा बापट तर एकदा लिफ्टमध्ये तोंडावरच म्हणाल्या, "कलावतीबाई, डॉक्टर गुडघा देतात. पथ्य आपलं आपण पाळायचं असतं हो."

कलावतीबाईंनी लिफ्टमधली दांडी घट्ट धरली आणि त्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ उत्तराबाईंनी कबुली असा घेतला.

वास्तविक पथ्य पाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी त्या व्यायामाच्या बारीक रेघा मारीत, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. तीन वर्षांत दुधाचे खाडे पुष्कळ झाले, व्यायामाचा एकही झाला नाही. त्या लग्नात तर त्यांच्यासाठी सुनेने, शिवानीने, आचाऱ्यांच्या मांडवातून स्टूल आणले होते. सगळी पंगत खाली आणि आपण एकट्या उंचावर, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या. हे मात्र कुणी ऐकले नव्हते.

बाई मूळच्या घाटावरच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या तेव्हा नवरा, पोपटराव, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. पुढे कारखाना आठ महिने बंद पडला, तेव्हा शेजारच्या खोलीत राहणाऱ्या दोन नोकरदार मुलांच्या पोळ्या त्यांनी लाटून दिल्या. दोनाचे दहा झाले, दहाचे मानपाडा रस्त्याजवळच्या गाळ्यात केंद्र झाले. सव्वीस वर्षे त्या ओट्याशी उभ्या होत्या. दिवसाला तीनशे पोळ्या आणि सणाच्या आदल्या दिवशी पुरणपोळ्या वेगळ्या. उजवा गुडघा झिजला तो या उभे राहण्याने. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. काम केले, अवयव झिजला; यात त्यांना अन्याय वाटत नव्हता. अन्याय पुढे झाला.

गुडघा बदलायचा ठरले तेव्हा डॉक्टर शोधावा लागला नाही. डॉ. सुधीर गुंजाळ आपल्याच तालुक्यातले, नदीपलीकडच्या गावचे. कल्याणला त्यांचे स्वतःचे रुग्णालय होते. तालुक्यातून मुंबईकडे आलेल्या लोकांचे एक मंडळ होते आणि पोपटराव निवृत्तीनंतर त्याचे चिटणीस झाले होते. डॉक्टर मंडळाचे सल्लागार. पोपटरावांच्या लेखी एवढे पुरेसे होते. "आपला माणूस आहे," ते म्हणाले. आपल्या माणसाला पदवी विचारायची नसते आणि दुसऱ्याचे मत घ्यायचे नसते.

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले. चौथ्या आठवड्यात गुडघ्याच्या आतल्या अंगाला दुखू लागले. बसून उठले की पहिली पाच-सहा पावले जीव घेत. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून येई. कलावतीबाई तपासणीला गेल्या तेव्हा हे सांगायचे ठरवूनच गेल्या होत्या. डॉक्टर घाईने आत आले, खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "काय काकू, एकदम मस्त ना?"

"मस्त, मस्त! देवासारखे धावून आलात," असे पोपटराव म्हणाले.

यानंतर दुखते म्हणायचे कसे? ज्या गावात त्या वाढल्या तिथे कुणाच्या घरी जेवायला बसले तर आमटीत मीठ कमी आहे असे म्हणत नसत. वाढणाऱ्याने विचारले तरी नाही. आळणी आमटी मुकाट्याने गिळत आणि वर आणखी एक वाटी मागून घेत. कलावतीबाईंनी तेच केले. त्या म्हणाल्या, "बरं आहे."

त्यानंतर सहा वेळा तपासणी झाली आणि सहाही वेळा हाच प्रश्न आणि हेच उत्तर. फक्त एकदा त्यांनी धीर करून त्या उत्तराला "थोडं ठणकतं" एवढे जोडले होते. "स्नायू जागे होतायत," डॉक्टर म्हणाले आणि पोपटरावांकडे वळून त्यांनी गावाकडच्या पाण्याची चौकशी केली.

यावर कडी झाली ती चौथ्या महिन्यात. मंडळाच्या स्नेहसंमेलनात डॉक्टरांचा सत्कार होता आणि कार्यक्रमाची आखणी पोपटरावांची. आपल्या बायकोने व्यासपीठावर काठीशिवाय चालून दाखवावे, ही कल्पनाही त्यांचीच. कलावतीबाई नको म्हणाल्या. "अगं, बारा पावलं आहेत. त्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं, तू बारा पावलं नाही चालणार?" पोपटरावांनी विचारले. कलावतीबाईंनी दुखण्याच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, इरकली नेसल्या आणि डॉक्टरांचा हात धरून बारा पावले चालल्या. अकराव्या पावलाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सभागृहाला ते कृतज्ञतेचे वाटले आणि टाळ्या वाढल्या.

तीन वर्षांत पाय आतल्या बाजूला वाकत गेला. काठी आली, मग वॉकर आला. केंद्र शिवानीवर पडले. एक दिवस ओट्याशी पीठ मळताना सासूबाई एका पायावर उभ्या आहेत आणि दुसरा नुसता जमिनीला टेकवला आहे, हे शिवानीच्या लक्षात आले. तिने विचारले, "आई, किती दिवस असं?" बाई म्हणाल्या, "पोळ्या करपतायत, बघ तिकडे." शिवानीने गॅस बंद केला. त्याच आठवड्यात तिने ठाण्याला, नौपाड्यातल्या डॉ. देवयानी साठे यांची वेळ घेतली. मंडळाशी यांचा काही संबंध नव्हता, हीच पोपटरावांची पहिली हरकत होती.

शिळफाट्याच्या गर्दीत रिक्षात पाय लांब करून दीड तास काढल्यावर कलावतीबाई नवरा आणि सून यांच्यासह त्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी एक्स-रे पाहिले नाहीत. त्यांनी विचारले, "कुठे दुखतं? आणि कधीपासून?"

"सहा महिन्यांपासून असेल," पोपटरावांनी सांगितले.

"चौथ्या आठवड्यापासून," कलावतीबाई म्हणाल्या.

पोपटरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिले. कलावतीबाईंनी पाहिले नाही. डॉक्टरीणबाईंनी चौथा आठवडा लिहून घेतला.

रक्त तपासले, सांध्यातले पाणी काढून तपासले. जंतू नव्हते. मग त्यांनी जुने आणि नवे एक्स-रे उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले आणि पेनच्या टोकाने दाखवले. नडगीच्या हाडावर जो धातूचा तुकडा बसवतात तो आडवा, सपाट हवा. इथे तो आतल्या बाजूला कललेला होता. सगळा भार एकाच अंगावर पडत गेला, सिमेंट हाडापासून सुटले आणि खालचे हाड दबत गेले.

"म्हणजे पोळपाटाचा एक पाय आखूड," कलावतीबाई म्हणाल्या. "कितीही जपून लाटलं तरी डुगडुगणारच."

"अगदी तसंच."

"मग मला सांगा, मी मांडी घातली असती तर हे असं झालं असतं?"

"मांडीने ताण येतो, खरं आहे. पण मांडी घातल्याने हा भाग असा कलत नाही. तो पहिल्या दिवसापासून कललेला आहे. तिसऱ्या महिन्याच्या या एक्स-रेमध्ये फटसुद्धा दिसते आहे. ती तेव्हाच लक्षात यायला हवी होती."

कलावतीबाईंनी तो तीन महिन्यांचा एक्स-रे पुन्हा पाहिला. तो निघाल्यानंतर महिन्याभराने त्यांना व्यासपीठावर चालवले होते.

सगळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ही शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड असते. हाड कमी उरले आहे, म्हणून आत लांब दांड्याचा सांधा घालावा लागेल. सावरायला वेळ लागेल आणि बाहेर कदाचित काठी कायमची राहील. "पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "ओट्याशी उभ्या राहू शकाल, असा मात्र मला भरवसा वाटतो. थांबलात तर हाड आणखी जाईल, मग तेही सांगता यायचं नाही." त्यांना एकच गोष्ट हवी होती: पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि बसवलेल्या सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर. कोणता सांधा, कोणत्या मापाचा, हे कळले की तो काढायची तयारी नीट करता येते.

तो कागद कल्याणला होता. पोपटरावांनी दोनदा फोन केला. पहिल्या वेळी नोंदी सांभाळणारा रजेवर होता. दुसऱ्या वेळी डॉक्टर स्वतः बोलले. काकूंना घेऊन या, मी बघतो, म्हणाले. कागदाचे नाव निघाले नाही. तिसरा फोन करायला पोपटराव तयार होईनात.

"त्यांचं नाव खराब होईल गं. मंडळाच्या सभेत मी काय तोंड दाखवू?"

"तोंड तुमचं आहे. पाय माझा आहे," कलावतीबाई म्हणाल्या आणि शिवानीला रिक्षा बोलवायला सांगितले. पोपटराव चपला घालून मागोमाग निघाले.

रुग्णालयात प्रतीक्षेच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. त्यावर इरकलीतली एक बाई डॉक्टरांचा हात धरून चालत होती, टाळ्या पडत होत्या आणि खाली लिहिले होते: चौथ्या महिन्यात काठीविना. बारा पावले संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे इथे अडीच-तीन वर्षे चालले आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. विचारले तर मुळीच नव्हते.

समोर दिवा गावाहून आलेली, त्यांच्याच वयाची एक बाई लेकीशेजारी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. तिने टीव्हीकडे पाहिले, मग यांच्याकडे.

"अगं बाई! तुम्हीच ना त्या?" आणि वॉकर दिसल्यावर, "आता दुसऱ्या पायाचं करायचंय वाटतं?"

पोपटराव खाकरले. ते खाकरणे कलावतीबाईंना चांगले ओळखीचे होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "तोच पाय आहे."

"मग ते चालणं?"

"गोळ्या खाऊन चालले होते. गुडघा बसवतानाच वाकडा बसलाय. आता काढून दुसरा बसवायचाय."

दिव्याची बाई फाइल छातीशी धरून लेकीकडे पाहू लागली. नोंदणीच्या काचेमागच्या मुलीने फोन उचलला आणि एरवी दोन तास थांबावे लागे तिथे दोन मिनिटांत आत बोलावणे आले.

"काकू, हे काय?" डॉक्टर दार लावून घेत म्हणाले. "बाहेर पेशंट बसलेत. घाबरतात ना लोक. काही झालं असेल तर आपण घरात बोलू. खाली बसला असाल कधी, मांडी घातली असेल. गावाकडची सवय लवकर सुटत नाही, मला माहीत आहे."

"एक्स-रे पाहिलात?" शिवानीने विचारले.

डॉक्टरांनी तिच्याकडे न पाहता फाइल उघडून पुढे सरकवली. "हे बघा. सात तपासण्या. एकदाही तक्रार नाही. काकू, तुम्ही तीन वर्षांत एकदा तरी दुखतंय म्हणालात का?"

शिवानीने वाचले. सातही तारखांपुढे इंग्रजीत एकच शेरा होता: रुग्ण समाधानी.

"हे मी कधी म्हटलं?" कलावतीबाईंनी विचारले. "'मस्त ना?' म्हणून तुम्ही यायचात. तो काय प्रश्न झाला? आणि ठणकतं म्हटलं होतं एकदा. ते कुठे लिहिलंय?"

गुडघ्यावर हात ठेवून बसलेले पोपटराव खाली बघत म्हणाले, "मस्त मीच म्हणायचो, डॉक्टर. दर वेळी मीच म्हणालो. तिला बोलू दिलं नाही."

सदतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपली चूक चारचौघांत कबूल केल्याचे कलावतीबाईंना आठवत नव्हते. पण ते आत्ता मनात घोळवायला त्यांना वेळ नव्हता.

पोपटरावांकडे वळताना डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "जाऊ द्या तात्या, झालं गेलं. मीच पुन्हा करून देतो, एक पैसा नको. बाहेर कुठे वाच्यता नको, एवढंच. काकू, परक्याच्या हाती कशाला जाता? मी तुमच्या घरचा माणूस."

कलावतीबाई वॉकरवर भार देऊन उठल्या. उठताना जी कळ आली ती त्यांनी या वेळी लपवली नाही. मग म्हणाल्या,

"घरचे म्हणूनच तीन वर्षं दुखणं गिळलं, डॉक्टर. आता मला परकंच माणूस हवंय, दुखलं तर ज्याच्या तोंडावर ओरडता येईल असं. माझे कागद द्या. आणि त्या भिंतीवरून मला आधी खाली उतरवा."